रिकाम्या पिंपातली आग

१३ फेब्रुवारी १९८१. अमेरिकेतल्या केंटकी राज्यातलं लुइव्हिल शहर अजून पुरतं जागं झालं नव्हतं. दोन महिला मोटारीने कामावर निघाल्या होत्या. गाडी रेल्वेच्या पुलाखालून जात असतानाच खालचा रस्ता फुटला आणि गाडी उडून कुशीवर पडली. पाठोपाठ भूमिगत गटारांत स्फोटांची रांगच लागली आणि तीन किलोमीटरहून अधिक लांबीच्या रस्त्यांवर मोठाले खड्डे पडले. शहरातल्या सोयाबीन प्रक्रिया कारखान्यातून हेक्झेन गटारात गेलं होतं. त्याची वाफ पाइपांमधून पसरत गेली आणि मोटारीची ठिणगी तिला पुरली. कोणी दगावलं नाही, हे नशीबच म्हणायचं.

हेक्झेन म्हणजे सहा कार्बन आणि चौदा हायड्रोजनचा साधासा रेणू. हा द्रव दिसायला पाण्यासारखा, वजनाला पाण्यापेक्षा हलका आणि ६९ अंश सेल्सिअसला उकळणारा. तेलबियांच्या चुऱ्यातून उरलंसुरलं तेल काढायला, चिकटवायच्या द्रावणांत आणि यंत्रांच्या सुट्या भागांवरचा तेलकटपणा घालवायला तो वापरतात. तेल चटकन विरघळवायचं आणि काम झालं की मागे काही न ठेवता उडून जायचं, हा त्याचा मोठा गुण. कारखानदाराला तो हवासा वाटतो तो याच गुणामुळे, आणि अपघात होतात तेही याच गुणामुळे.

कारण पेट घेते ती द्रवाची वाफ, आणि तीही हवेत ठरावीक प्रमाणात मिसळली असेल तरच. हेक्झेनच्या बाबतीत हे प्रमाण साधारण १.१ ते ७.५ टक्के आहे. त्याहून वाफ कमी असेल तर जळायला पुरेसं इंधन नसतं, जास्त असेल तर प्राणवायू अपुरा पडतो. आता जरा हिशेब करू. एक लिटर हेक्झेन सांडून पूर्ण उडालं, तर सुमारे १९० लिटर वाफ होते. ती हवेत सारखी मिसळली, तर १७ घनमीटर हवा पेट घेण्याजोगी होते. म्हणजे तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि पावणेतीन मीटरहून थोडी उंच अशी अख्खी खोली. प्रत्यक्षात वाफ इतकी सारखी कधीच पसरत नाही. ती हवेच्या जवळजवळ तिप्पट जड असल्यामुळे जमिनीलगत वाहते, जिना उतरते, खड्ड्यात आणि गटारात साचते. छताजवळचा पंखा जोरात फिरत असतो आणि घोट्याशी मात्र स्फोटक थर पसरलेला असतो. म्हणून अशा ठिकाणी हवा ओढून घेणारी तोंडं जमिनीजवळ हवीत, आणि वायूमापकाची नळीही वाकून खालीच धरायला हवी.

द्रवाचा फ्लॅश पॉइंट म्हणजे तो आपोआप पेटण्याचं तापमान, हा गैरसमज फार जुना आहे. ज्या किमान तापमानाला द्रवावर पेट घेण्यापुरती वाफ जमते, तो फ्लॅश पॉइंट. ठिणगी बाहेरून यावीच लागते. हेक्झेनचा फ्लॅश पॉइंट उणे २२ अंशांच्या आसपास आहे. म्हणजे बर्फ गोठवणाऱ्या थंडीतही उघड्या भांड्यावर पुरेशी वाफ तयारच असते. ‘आज गार आहे, चालेल’ या म्हणण्याला इथे काही अर्थ नाही.

सगळ्यात जास्त फसवतं ते रिकामं पिंप. हेक्झेनने निम्मं भरलेलं, झाकण घट्ट बसवलेलं पिंप २० अंशांवर ठेवलं, तर आतल्या मोकळ्या जागेत शंभरात सुमारे सोळा भाग वाफच असते. हे मिश्रण इतकं दाट की आतल्या आत ते पेटूच शकत नाही. (झाकण उघडलं की तोंडाशी हवा मिसळते आणि तिथे पेटतं, ती गोष्ट वेगळी.) आता तेच २०० लिटरचं पिंप उपसून टाका. तळाच्या कडेला, शिवणीत १२ मिलिलिटर, म्हणजे दोन-अडीच चमचे द्रव उरला आणि उडाला, की आतली सगळी हवा स्फोटाच्या खालच्या मर्यादेला पोचते. वरची मर्यादा गाठायला सुमारे ८० मिलिलिटर लागतात. या दोन आकड्यांच्या मधलं काहीही उरलं असेल तर ते पिंप म्हणजे बॉम्बच. आणि उपसल्यावर तळाशी उरतं ते नेमकं एवढंच! जुन्या पिंपाचं तोंड गॅस कटरने किंवा ग्राइंडरने कापताना होणारे अपघात यातूनच होतात. पिंप ‘रिकामं’ आहे म्हणून निर्धास्त होणाऱ्या माणसापेक्षा ते भरलेलं आहे म्हणून घाबरणारा माणूस मला जास्त शहाणा वाटतो. कापायचंच असेल तर आधी पिंप नीट धुऊन, पाण्याने किंवा नायट्रोजनने भरून, वायूमापकाने तपासून घ्यावं लागतं. नुसतं पालथं घालून उन्हात ठेवणं म्हणजे साफ करणं नव्हे.

आता ठिणगीकडे वळू. विडी-सिगारेट आणि उघडी ज्योत सगळ्यांना माहीत असते. स्थितिक वीज मात्र दिसत नाही आणि दारात तिला अडवताही येत नाही. हेक्झेनसारख्या द्रवातून वीज जवळजवळ वाहतच नाही. त्यामुळे तो पाइपातून, गाळणीतून, पंपातून घासत गेला की त्याच्यावर विद्युतभार साचतो आणि सहजासहजी उतरत नाही. हवा आणि हेक्झेनचं मिश्रण पेटायला सुमारे ०.२४ मिलिजूल एवढी ऊर्जा पुरते. आपण दाराच्या धातूच्या कडीला हात लावतो आणि बोटाला बारीकसा चटका बसतो, तेव्हा आपल्या अंगावर दोन-तीन हजार व्होल्ट असतात आणि त्या ठिणगीत एक मिलिजूलच्या आसपास ऊर्जा असते. थोडक्यात, जी ठिणगी आपल्याला जेमतेम जाणवते, ती हेक्झेनला गरजेपेक्षा तीन-चार पट जास्त आहे.

म्हणून पिंपातून डब्यात द्रव ओतताना दोन्ही भांडी धातूची असावीत, ती तारेने एकमेकांना जोडावीत आणि अर्थिंग करावं. तारेचा चिमटा रंगावर किंवा गंजावर लावला तर तो नुसता दिखावा ठरतो, खालचा चकचकीत धातू त्याच्या दातांना लागला पाहिजे. द्रव उंचावरून धो धो सोडायचा नाही. नळी तळापर्यंत न्यायची आणि तिचं तोंड बुडेपर्यंत प्रवाह सेकंदाला एक मीटरपेक्षा जास्त ठेवायचा नाही. प्लॅस्टिकची बादली तर नकोच. प्लॅस्टिकवरचा भार अर्थिंगने उतरत नाही, आणि बादलीला धातूची कडी असली तर ती कडी भार धरून ठिणगीची वाट बघत बसते.

एवढं करूनही गाठ सुटू शकते. १७ जुलै २००७ रोजी अमेरिकेत कॅन्ससमधल्या व्हॅली सेंटर या गावी टँकरमधून साठवण टाकीत नॅफ्था (खनिज तेलापासून मिळणारा, हेक्झेनसारखाच द्रावक) भरताना स्फोट झाला आणि टाकी उडून सुमारे चाळीस मीटरवर जाऊन पडली. टाकी, पंप, पाइप यांना अर्थिंग होतं. अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाने तपास केला तेव्हा संशय गेला तो आतल्या पातळीदर्शक तरंगकाच्या सैल सांध्यावर. सांध्याचे दोन भाग क्षणभर विलग झाले की तरंगकाचं अर्थिंग तुटतं आणि त्या फटीत ठिणगी पडू शकते. पाइपात शिरलेल्या हवेच्या बुडबुड्यांनी विद्युतभार आणखी वाढवला होता. यातली खरी चमत्कारिक गोष्ट पुढेच आहे. तो नॅफ्था हेक्झेनपेक्षा कमी उडणारा, फ्लॅश पॉइंट १४ अंशांच्या आसपास. वाटायला तो अधिक सुरक्षित. पण नेहमीच्या तापमानाला बंद टाकीत हेक्झेनची वाफ इतकी दाट असते की ती पेटत नाही, आणि या नॅफ्थाची वाफ बरोबर पेट घेण्याच्या टप्प्यात होती. डब्यावरची लाल चौकटीतली ज्वाला दोन्हींवर सारखीच असते. हा फरक तिच्यावरून कळत नाही, त्यासाठी सुरक्षा माहितीपत्रकातले आकडे आणि त्या दिवसाचं तापमान शेजारी शेजारी ठेवून बघावं लागतं.

आग लागलीच तर पाण्याचा फवारा थेट मारू नये. हेक्झेन पाण्यावर तरंगतं आणि जळत जळत पाण्याबरोबर पसरतं. फोम, कोरडी पावडर किंवा कार्बन डायऑक्साइड वापरायचा. पाणी कामाला येतं ते शेजारची पिंपं गार ठेवायला.

आगीच्या भीतीपुढे एक धोका मागे पडतो, आणि तो वर्षानुवर्षं गुपचूप काम करतो. श्वासातून गेलेल्या हेक्झेनचं यकृतात २,५-हेक्झेनडायोन नावाचं रसायन होतं आणि ते हातापायांकडे जाणाऱ्या लांब चेतातंतूंना इजा करतं. सुरुवात पायाच्या बोटांना मुंग्या येण्यापासून होते, मग बधिरपणा येतो, मग पाऊल उचलताना अडखळायला होतं. १९६०च्या दशकात जपानमध्ये सँडल चिकटवणाऱ्या कामगारांत हे दिसलं. २००९ मध्ये चीनमधल्या सुझौच्या एका कारखान्यात टचस्क्रीन पुसायला अल्कोहोलऐवजी हेक्झेन वापरलं गेलं, कारण ते लवकर वाळतं. १३७ कामगारांना बाधा झाली. संपर्क थांबल्यावरही काही आठवडे, कधी काही महिने त्रास वाढतच जातो, हे या आजाराचं वैशिष्ट्य. त्यामुळे ‘काम सोडलं तरी बरं वाटत नाही, म्हणजे कारण दुसरंच असेल’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

कामाच्या आठ तासांत हवेत सरासरी दहा लाखांत ५० भागांहून जास्त हेक्झेन नसावं, अशी शिफारस आहे. स्फोटाची खालची मर्यादा दहा लाखांत ११,००० भाग, म्हणजे या शिफारशीच्या २२० पट. म्हणून स्फोटाचा इशारा देणारा मापक शांत आहे, एवढ्यावरून हवा श्वासाला योग्य आहे असं ठरत नाही. नाकावरही विसंबू नये, कारण पुष्कळांना वास येतो तोवर ५० चा आकडा मागे पडलेला असतो. हातमोजे नायट्राइलचे घ्यावेत, साध्या रबरातून हेक्झेन लवकर पार होतं. चुकून कोणी गिळलं तर उलटी करवू नये. उलटीबरोबर हा पातळ द्रव फुप्फुसात शिरला तर न्यूमोनियासारखी गंभीर सूज येते. तडक डॉक्टरांकडे न्यावं.

जिथे काम भागत असेल तिथे हेक्झेनऐवजी हेप्टेन वापरता येतं. एक कार्बन जास्त, ९८ अंशांना उकळतं, वाळायला थोडा जास्त वेळ घेतं, पण चेतातंतूंना तशी इजा करत नाही. मात्र त्याचा फ्लॅश पॉइंटही उणे ४ अंश आहे, तेव्हा अर्थिंगचा चिमटा काढून ठेवता येणार नाही.