मन लागत नाही तेव्हा

नोकरी गेली, पीक हातचं गेलं, घरातलं आजारपण लांबलं, की माणूस सगळ्यात आधी रोजच्या लहानसहान गोष्टी सोडतो. संध्याकाळचं फिरणं थांबतं, भजनाला जाणं थांबतं, मैत्रिणीचा फोन वाजत राहतो. ‘जरा बरं वाटू दे, मग जाईन,’ असं तो म्हणतो आणि अगदी मनापासून म्हणतो. मानसशास्त्रातल्या गेल्या पन्नासेक वर्षांच्या कामातून मात्र वेगळंच दिसत आलं आहे. बरं वाटायला हवं असेल, तर पुष्कळदा आधी जावं लागतं.

अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठात पीटर लुइनसन यांनी १९७०च्या दशकात याचा पाया घातला. आपण काही करतो तेव्हा त्यातून काहीतरी परत मिळतं: कुणाचं ओळखीचं हसू, चार शब्द, काम हातावेगळं झाल्याचं समाधान. संकटात हे मिळणं आटतं. ते आटलं की काही करावंसं वाटत नाही आणि काही केलं नाही की ते आणखी आटतं. चार्ल्स फर्स्टर यांनी १९७३ मध्ये दुसरी बाजू दाखवली, ती टाळण्याची. बँकेची नोटीस न उघडता कपाटात ठेवली की घटकाभर सुटल्यासारखं वाटतं. ती घटकाभरची सुटकाच टाळण्याची सवय पक्की करते. कर्ज तिथेच असतं, वर न उघडलेल्या पाकिटाची धास्ती वाढते.

रिकाम्या झालेल्या वेळात मन तेच ते उगाळत बसतं. सुझन नोलन-होक्सिमा यांनी स्टॅनफर्डमधल्या विद्यार्थ्यांकडून त्यांच्या अशा सवयींची माहिती भरून घेतली होती. दोनच आठवड्यांनी, १७ ऑक्टोबर १९८९ रोजी, त्या भागात लोमा प्रिएटाचा मोठा भूकंप झाला. सात आठवड्यांनंतर पुन्हा पाहणी केली, तेव्हा आधीपासून दुःख उगाळत बसण्याची सवय असलेल्यांमध्ये नैराश्याची लक्षणं जास्त आढळली. भूकंप तर सगळ्यांनीच सोसला होता.

पण नुसतं काही करत राहिल्याने खरंच फरक पडतो का? नील जेकबसन यांच्या गटाने १९९६ मध्ये सुमारे १५० रुग्णांवर हे तपासलं. काहींना विचार बदलायला शिकवणारी पूर्ण उपचारपद्धती मिळाली, तर काहींना तिच्यातला फक्त कृतीचा भाग, म्हणजे दिवसात पुन्हा हालचाल आणण्याचा. दोन्हींचा गुण जवळपास सारखाच आला. फक्त कृतीवर भर देणाऱ्या या पद्धतीला बिहेवियरल ॲक्टिव्हेशन म्हणतात. ती शिकवायला सोपी आहे, आणि आपल्याकडे मनोविकारतज्ज्ञांची जी टंचाई आहे ती पाहता हा गुण मला फार मोलाचा वाटतो.

गोव्यात नेमकं तेच करून पाहिलं गेलं. विक्रम पटेल आणि ‘संगत’ या संस्थेतल्या संशोधकांनी दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ जणांना अभ्यासात घेतलं. असे रुग्ण ‘मला नैराश्य आलंय’ असं सहसा म्हणत नाहीत. झोप लागत नाही, अंग मोडून येतं, टेन्शन आहे, असं सांगतात. निम्म्यांना डॉक्टरांचे नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांना त्यासोबत समुपदेशकांच्या सहा ते आठ भेटी मिळाल्या. हे समुपदेशक मानसोपचाराची कुठलीही पदवी नसलेली साधी माणसं होती. त्यांना प्रशिक्षण दिलं होतं, आणि ते एकमेकांच्या बैठकींचं ध्वनिमुद्रण ऐकून चुका सुधारत. तीन महिन्यांनी नुसत्या नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांपैकी ३९ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते. समुपदेशकांकडे गेलेल्यांपैकी ६४ टक्के. वर्षभरानंतरही फायदा टिकून होता, आणि ज्यांच्या दिवसात कामं आणि गाठीभेटी परतल्या, त्यांच्यात सुधारणा अधिक होती.

अशा भेटींत काय होतं? आधी दिवस कसा जातो ते पाहायचं, कशानंतर मन किंचित हलकं होतं, कशानंतर जड होतं ते टिपायचं. मग एखादी गोष्ट निवडायची. ती इतकी लहान असावी की मन अजिबात नसतानाही जमेल, आणि तिचा दिवस, वेळ ठरलेली असावी. ‘व्यायाम सुरू करेन’ असं नाही. ‘उद्या सात वाजता चपला घालून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाईन’ असं. नाही जमलं तर आड काय आलं ते शोधायचं, माणसाला दोष द्यायचा नाही. जी गोष्ट टाळली जातेय तिचाही एक तुकडा घ्यायचा: पाकीट फक्त उघडायचं, उत्तर नंतर.

म्हणूनच ‘मन रमव, कामाला लाग’ या सल्ल्याची आणि या उपचाराची गल्लत होऊ नये असं मला कळकळीने वाटतं. सल्ला देणारा निघून जातो. समुपदेशक पुढच्या आठवड्यात पुन्हा येतो आणि काय झालं ते विचारतो. घरच्यांनाही हे करता येतं. ‘जरा बाहेर जा’ म्हणण्यापेक्षा ‘सहाला येते, बरोबर जाऊ’ हे कितीतरी उपयोगी. नुकतंच घरातलं माणूस गेलं असेल तर मात्र घाई नको. रडणं, काही न करणं हा तेव्हा आजार नसतो.

अर्थात कर्ज फिरायला गेल्याने फिटत नाही. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम राबवला गेला, तो शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी पोळलेल्या भागात. तिथे गावातले कार्यकर्ते, समुपदेशक आणि गरज पडेल तिथे मनोविकारतज्ज्ञ अशी साखळी उभी केली होती. २०१७ साली त्याचे निष्कर्ष आले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे आधी ४.३ टक्के होते, ते दीड वर्षात २७.२ टक्क्यांवर गेले. तुलनेसाठी दुसरी गावं नव्हती, त्यामुळे सगळं श्रेय कार्यक्रमालाच देता येत नाही. तरी मदत जवळ आली की लोक ती घेतात, हे त्यातून दिसतं.

दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक, काम सगळंच बिघडलं असेल किंवा जीव द्यावासा वाटत असेल, तर एकट्याने प्रयोग करत बसू नये, डॉक्टरांना गाठावं. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, फोन मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.