झेल्डाच्या दोन तलवारी: एक हिसक्याची, एक मनगटाची

निन्टेंडोच्या वी कन्सोलवर ‘झेल्डा’ या साहसी गेममालिकेचे दोन मोठे गेम आले: २००६ मध्ये ‘ट्वायलाइट प्रिन्सेस’ आणि २०११ मध्ये ‘स्कायवर्ड स्वोर्ड’. दोन्हीत नायक लिंक तलवार घेऊन पडक्या, प्राचीन मंदिरांत शिरतो आणि दोन्हीत तलवार चालवायला रिमोट हलवावा लागतो. त्यामुळे ‘हात फिरवाल तशी तलवार फिरते’ असं दोन्हींबद्दल सर्रास सांगितलं जातं. खरं तर ते फक्त दुसऱ्याला लागू पडतं.

पहिल्या वी रिमोटमध्ये ॲक्सेलरोमीटर होता. त्याला हिसका कळतो, गुरुत्वाकर्षणामुळे खाली कुठे ते कळतं. पण रिमोट आडवा धरून डावीकडून उजवीकडे वळवलात, तर नेमका किती वळला हे त्याला सांगता येत नाही. शिवाय ‘ट्वायलाइट प्रिन्सेस’ मुळात गेमक्यूब या निन्टेंडोच्या आधीच्या कन्सोलसाठी घडत होता. वीवर आणताना तलवारीच्या बटणाची जागा हिसक्याने घेतली, एवढंच. वार कुठल्या दिशेने केला याने काही फरक पडत नाही. बहुतेक लोक उजव्या हातात रिमोट धरणार, म्हणून डावखुऱ्या लिंकला उजवा करायला वीच्या आवृत्तीत अख्खं जग आरशासारखं उलटं केलं, नकाशासकट!

‘स्कायवर्ड स्वोर्ड’ला मोशनप्लस लागतो, म्हणजे गायरोस्कोप. तो वळण्याचा वेग मोजतो आणि त्यावरून मनगट कुठे आहे याचा हिशोब ठेवतो. आता दिशा हेच कोडं होतं. डेकू बाबा या मांसाहारी झाडाचा जबडा आडवा उघडला तर आडवाच वार, उभा उघडला तर उभा. गिराहिम हा खलनायक तुमच्या तलवारीवर डोळा ठेवून हात पुढे करतो. त्याला एका बाजूला गुंतवून दुसरीकडून झटकन वार करायचा. स्कायव्ह्यू मंदिरातल्या दारावरचा डोळा तलवारीच्या टोकामागे फिरतो. टोक गोल गोल फिरवत राहा, डोळ्याला घेरी येते आणि दार उघडतं. बटणाच्या गेममध्ये हे दार कुणाला सुचलंच नसतं, असं मला मनापासून वाटतं. मोठ्या दाराची किल्लीसुद्धा हातात धरून वळवून वळवून खाचेत बसवावी लागते.

गायरोची एक खोड मात्र आहे. छोट्या चुका साठत जातात आणि नेम हळूहळू सरकतो. ‘ट्वायलाइट प्रिन्सेस’मध्ये धनुष्याचा नेम टीव्हीजवळच्या पट्टीतल्या अवरक्त दिव्यांवरून ठरायचा, म्हणून तो असा सरकत नसे.

२०२१ मध्ये निन्टेंडोच्या स्विच कन्सोलवर ‘स्कायवर्ड स्वोर्ड’ची एचडी आवृत्ती आली. तिच्यात उजव्या स्टिकनेही तलवार चालवता येते. तरी सुरुवात जॉय-कॉन, म्हणजे स्विचचा छोटा कंट्रोलर, हातात घेऊनच करा. नेम सरकला, तर जॉय-कॉन पडद्याकडे सरळ धरून वाय बटण दाबायचं.