एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस) असणाऱ्यांसाठी ओसीटी स्कॅन : येताना जुनी फाईल घेऊन या

न्यूरोच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर ओसीटी, म्हणजे प्रकाशानं डोळ्याच्या पडद्याचे थर मोजणारा स्कॅन, लिहून दिला की आमच्या कोल्हापुरातल्या राजारामपुरीच्या सेंटरला बहुतेकजण पहिला प्रश्न हाच विचारतात, आजार मेंदूचा आणि तपासायचा डोळा, असं कसं? तर डोळ्याचा पडदा मुळात मेंदूचाच भाग आहे आणि एमएसमध्ये नसांवरचं मायलिनचं आवरण खराब होतं, पण पडद्यातल्या तंतूंवर ते आवरण नसतंच, त्यामुळं तिथला थर पातळ झाला म्हणजे बऱ्याचदा तंतूच कमी झालेत, आणि हे मशीनला सरळ मोजता येतं.

मोजमाप किती बारीक ते बघा. डोळ्याच्या नसेच्या तोंडाभोवतीचा तंतूंचा थर निरोगी डोळ्यात साधारण 90 ते 100 मायक्रॉन, म्हणजे एका केसाएवढा, आणि दोन डोळ्यांत 5-6 मायक्रॉनचा फरक दिसला तरी डॉक्टर विचारतात, मागं कधी या डोळ्याला त्रास झालेला का, डोळा फिरवताना दुखणं किंवा लाल रंग फिका दिसणं असं काही? नसेला नुकतीच सूज आली असेल तर हा थर उलट जाड दिसतो, खरी झीज कळायला 3 ते 6 महिने जातात, म्हणून पडद्याच्या मधल्या भागातला गँग्लियन पेशींचा (ज्यांच्यापासून हे तंतू निघतात) थर पण आम्ही मोजतो, तिथं झीज आधी कळते.

रिपोर्टवर लाल रंग दिसला म्हणून घाबरू नका. मशीन तुमच्या वयाच्या निरोगी लोकांशी तुलना करून रंग देतं, काचबिंदू किंवा मोठा मायनस नंबर असला तरी लाल येऊ शकतं. म्हणून खरी किंमत तुमच्याच जुन्या रिपोर्टशी तुलनेला आहे, तो पण शक्यतो त्याच मशीनवरचा, कारण कंपनी बदलली की आकडे बदलतात. पहिला रिपोर्ट प्लीज जपून ठेवा. फिंगोलिमोड ही एमएसवरची गोळी चालू असेल तर ते पण आधी सांगा, त्या गोळीनं कधीकधी पडद्याला सूज येते.

सुई नाही, एक्स-रे नाही. हनुवटी टेकवायची, आतल्या खुणेकडं बघायचं, मध्ये पापणी मिटली तर परत घेऊ, घाई नाही. बाहुली मोठी करायचे थेंब घालावे लागले तर काही तास धूसर दिसतं, तेव्हा गाडी चालवायला कुणीतरी सोबत आणा.

एप्रिल-मेच्या उन्हात एमएसवाल्यांचा त्रास तात्पुरता वाढतो, तर गडहिंग्लज, कागलकडनं येणाऱ्यांनी सकाळचीच वेळ मागून घ्या. जिना चढणं जमत नसेल तर खालूनच फोन करा, आमचा माणूस खुर्ची घेऊन येईल.