ग्रिड कोसळणे (कडाक्याच्या थंडीत)

वीजनिर्मिती केंद्रे, उच्चदाब वाहिन्या आणि उपकेंद्रे यांचे एकमेकांना जोडलेले जाळे म्हणजे ग्रिड. शून्याखालच्या थंडीत विजेची मागणी एकाएकी चढते आणि नेमक्या त्याच तासांत निर्मिती आटते. अशा वेळी काही भागांचा पुरवठा तोडावा लागतो, नाहीतर सगळे जाळेच बंद पडते.

गोव्यात पणजीचा पारा ऐन जानेवारीच्या रात्रीही वीसच्या आसपास असतो. इथे लाईट जाते ती मिरगाच्या पहिल्या सरीला. उन्हाळाभर इन्सुलेटरवर, म्हणजे तार खांबापासून अलग ठेवणाऱ्या टोप्यांवर, बसलेले समुद्राचे मीठ आणि धूळ भिजली की त्या ओल्या थरातून वीज खांबाकडे पाझरते, ठिणगी उडते आणि फीडर, म्हणजे त्या भागाला वीज पुरवणारी वाहिनी, बंद पडतो; नाहीतर माडाची झावळ तारांवर येऊन पडते. लाईनमन झावळ काढतो, लाईट परत येते. थंडीतला मोठा बिघाड मात्र अनेकदा असा डोळ्यांना दिसत नाही. तार शाबूत, खांब उभा, आणि घरात तरीही काळोख.

याचे कारण फ्रिक्वेन्सीत, म्हणजे वीज सेकंदाला किती आवर्तने घेते त्या आकड्यात आहे. ग्रिडमध्ये वीज साठून राहत नाही; जेवढी वापरली जाते तेवढीच त्या क्षणी तयार व्हावी लागते. हा तोल सांभाळला की भारतात फ्रिक्वेन्सी 50 हर्ट्झच्या आसपास राहते, अमेरिकेत 60 च्या. मागणी वरचढ झाली की फिरणारी जनित्रे मंदावतात, फ्रिक्वेन्सी घसरते. ती फार खाली गेली तर टर्बाइनच्या पात्यांना इजा होते, म्हणून वीज तयार करणारे संच आपणहून बंद होतात. एक संच बंद पडला की उरलेल्यांवर भार वाढतो, आणि पडझड पुढे सरकत जाते.

15 फेब्रुवारी 2021 च्या मध्यरात्रीनंतर अमेरिकेच्या टेक्सास राज्यात फ्रिक्वेन्सी 59.4 हर्ट्झच्या खाली चार मिनिटांहून अधिक काळ राहिली. नऊ मिनिटे भरली असती तर संच एकापाठोपाठ एक बंद पडून राज्याचा बराच भाग कित्येक आठवडे अंधारात गेला असता. नियंत्रण कक्षाने ग्राहकांची वीज तोडून ग्रिड वाचवले, पण त्याची किंमत सामान्य माणसांनी मोजली. आळीपाळीने तोडायचे ठरले होते. रुग्णालयांसारख्या ठिकाणांचे फीडर तोडता येईनात, म्हणून उरलेल्या वस्त्यांची वीज सलग दिवसचे दिवस गेली. सरकारी मोजणीनुसार 246 माणसे दगावली, त्यांतली बरीच घरातल्या थंडीने गारठून.

त्या आठवड्यात पवनचक्क्या गोठल्याचा गवगवा फार झाला. पवनचक्क्या गोठल्या हे खरेच, पण सर्वांत मोठी तूट पडली ती नैसर्गिक वायूवरच्या केंद्रांत. विहिरीतून वायूबरोबर पाणी येते. ते तोंडाशीच गोठले. वायू पुढे ढकलणारे अनेक कॉम्प्रेसर विजेवर चालणारे. त्यांचीच वीज तोडली गेली, म्हणून केंद्रांना वायू मिळेना, आणि वायू नाही म्हणून आणखी वीज तुटली. केंद्रांच्या आतही बारीकसारीक गोष्टींनी घात केला. पाण्याचा दाब मोजणाऱ्या बोटाएवढ्या नळीत पाणी गोठले की मापक चुकीचा आकडा दाखवतो आणि यंत्रणा अख्खा संच बंद करते. टेक्सासमधल्या एका अणुवीज संचाचे असेच झाले. अणुभट्टी धडधाकट होती, गोठली होती ती मापकाची नळी.

तारांना लागताच गोठून बर्फ होणारा पाऊस हे वेगळे संकट. 28 मिलीमीटर जाडीच्या तारेवर चहूबाजूंनी 25 मिलीमीटर बर्फ चढला, तर दर मीटरला सुमारे पावणेचार किलो वजन वाढते. दोन मनोऱ्यांतल्या तीनशे मीटर तारेवर हा भार एका टनाहून अधिक होतो. जानेवारी 1998 मध्ये कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात अशा भाराखाली हजारावर मनोरे आडवे झाले.

भारतातही थंडीचा ताण आहे, पण त्याचे रूप निराळे. काश्मीरमध्ये हिवाळ्यात झेलमचे पाणी ओसरते, जलविद्युत घटते आणि शेगड्या, हीटर तेव्हाच लागतात. पंजाब-हरियाणाच्या धुक्यात इन्सुलेटरवरची काजळी ओली होऊन वाहिन्या बंद पडतात. किनाऱ्यावर आमचे मीठ करते तेच काम तिथे ही काजळी करते.

गोव्याची जवळजवळ सगळी वीज राज्याबाहेरच्या केंद्रांतून, घाट ओलांडून येते. परावलंबन आहेच, पण आधारही आहे. डिसेंबर 2013 अखेरीस दक्षिणेचे ग्रिड जोडले गेल्यापासून देशभर एकच फ्रिक्वेन्सी चालते आणि एका कोपऱ्यातली तूट दुसऱ्या कोपऱ्यातून भरता येते. टेक्सासने आपले ग्रिड मुद्दाम वेगळे ठेवले. शेजाऱ्यांशी जोडण्या थोड्याच, म्हणून गरजेच्या वेळी बाहेरून फारसे काही आणता आले नाही.

फेब्रुवारी 2011 मध्येही तिथे असेच घडले होते. वायूच्या विहिरी आणि नळ्यांना थंडीपासून संरक्षण द्या, असे चौकशीनंतर स्पष्ट सुचवले गेले होते. बहुतेकांनी खर्च टाळला. त्याच राज्याच्या पश्चिम टोकाचे एल पासो शहर शेजारच्या पश्चिम ग्रिडला जोडलेले आहे. 2011 चा फटका त्यालाही बसला होता. तिथल्या वीज कंपनीने नंतर नळ्यांवर आवरणे चढवली, गरम ठेवणाऱ्या पट्ट्या बसवल्या, थंडीत तगेल असे नवे केंद्र उभारले. 2021 मध्ये त्या शहरात बहुतेक घरांचे दिवे विझले नाहीत.