पान रंगवणं वेगळं, व्हिडिओ उलगडणं वेगळं

‘हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन चालू आहे, तरी यूट्यूब लावलं की लॅपटॉपचा पंखा घोंघावतोच.’ ही तक्रार करणाऱ्याने ब्राउझरमधलं ते बटण, म्हणजे प्रोसेसरचं काम ग्राफिक्स चिपकडे सोपवणारं, बरोबर दाबलेलं असतं. त्या एका बटणामागे दोन वेगळी कामं आहेत, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

पहिलं काम पान रंगवण्याचं. मजकूर, चित्रं, सावल्या पडद्यावर उमटवायच्या आणि स्क्रोल करताना थरांवर थर बसवायचे. क्रोममध्ये सेटिंग्जमधल्या ‘सिस्टिम’मध्ये ग्राफिक्स अ‍ॅक्सिलरेशन चालू करून ब्राउझर पुन्हा उघडला की हे काम ग्राफिक्स चिपकडे जातं. ड्रायव्हर, म्हणजे चिप चालवणारं सॉफ्टवेअर, फारच जुना नसेल तर इथे सहसा अडत नाही.

खरी अडचण दुसऱ्या कामात, म्हणजे दाबून भरलेला व्हिडिओ उलगडण्यात. त्यासाठी चिपमध्ये स्वतंत्र सर्किट असतं आणि त्याला कारखान्यात शिकवलेले कोडेकच, म्हणजे व्हिडिओ दाबण्या-उलगडण्याच्या ठरावीक पद्धतीच, कळतात. इंटेलच्या चौथ्या पिढीच्या चिपमध्ये एच.२६४ या कोडेकचं सर्किट आहे, व्हीपी९चं नाही. व्हीपी९ नीट येतं सातव्या पिढीपासून, एव्ही१ अकराव्यापासून. यूट्यूब तर बहुतेक वेळा व्हीपी९ किंवा एव्ही१च पाठवतं. मग जुन्या लॅपटॉपवर पान चिप रंगवते आणि व्हिडिओचा सगळा भार प्रोसेसरवर पडतो.

हे डोळ्यांनी बघता येतं. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’खाली जीपीयू, म्हणजे ग्राफिक्स चिप, उघडा. पान भराभर स्क्रोल केलं की ‘थ्रीडी’चा आलेख उसळतो. आता व्हिडिओ लावा. ‘व्हिडिओ डीकोड’ची रेघ जमिनीला चिकटून राहिली आणि सीपीयूचा, म्हणजे प्रोसेसरचा, आलेख चढत गेला, तर दुखणं सापडलं. यूट्यूबच्या व्हिडिओवर राइट क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडलं की कोडेकचं नावही दिसतं.

क्रोमच्या जीपीयू माहितीच्या पानावर ‘व्हिडिओ डीकोड’समोर हिरवी अक्षरं दिसली म्हणून निश्चिंत होऊ नका. काही कोडेक चिपला येतात, एवढाच त्याचा अर्थ. नेमके कोणते, ती यादी त्याच पानावर बरीच खाली असते.

अशा वेळी क्रोमच्या फ्लॅग्जमध्ये, म्हणजे प्रायोगिक सेटिंग्जमध्ये, जाऊन जीपीयूची ब्लॉकलिस्ट (त्रासदायक चिप-ड्रायव्हरांना रोखणारी यादी) बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो चुकीचा वाटतो. त्याने नसलेलं सर्किट उगवत नाही, उलट ब्राउझर कोसळू लागू शकतो. त्यापेक्षा ब्राउझरमध्ये ‘एच२६४इफाय’सारखं एक्स्टेन्शन (जोड-साधन) टाका. यूट्यूब मग एच.२६४ पाठवतं. रिझोल्यूशन १०८०पीच्या वर जात नाही, पण जुन्या लॅपटॉपच्या पडद्याला तेवढं भरपूर होतं.