ब्लॉकेजमागचा दाह

कोरोनाच्या काळात सीआरपी, म्हणजे शरीरात दाह (इन्फ्लमेशन) वाढला की रक्तात वाढणारं प्रथिन, हा शब्द सांगली-मिरजेच्या घराघरांत पोहोचला. रिपोर्ट हातात आला की आधी तोच आकडा बघायचा. त्याचीच अधिक सूक्ष्म तपासणी, एचएस-सीआरपी, हृदयाच्या तपासण्यांत दिसली की लोक विचारतात, याचा आणि ब्लॉकेजचा काय संबंध? संबंध जुना आहे.

धमनीच्या अस्तरातला बिघाड ही दाहाचीच प्रक्रिया आहे, असं जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो यांनी 1850 च्या दशकातच मांडलं होतं. व्हिएन्नाच्या रोकिटान्स्की यांना ते पटलं नाही; दाह असला तर तो नंतरचा, असं त्यांचं मत. पुढे 1913 मध्ये रशियात अनिचकोव्ह यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घातलं, त्यांच्या धमन्यांत माणसासारखेच चरबीचे थर तयार झाले आणि कित्येक दशकं सगळं लक्ष चरबीकडे गेलं. कोलेस्टेरॉलचा दोष खराच होता, पण गोष्ट अर्धीच कळली होती. आपल्याकडे अजूनही ब्लॉकेज म्हटलं की नळात गाळ बसल्याचं चित्र डोळ्यांपुढे येतं.

धमनीची भिंत मात्र जिवंत असते. धूम्रपान, मधुमेह, रक्तदाब यांनी अस्तर दुखावलं की एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल त्याखाली सहज शिरतं आणि तिथे त्याचं ऑक्सिडीकरण होतं. मग पांढऱ्या पेशी धावून येतात, ते गिळत राहतात, फुगतात, तिथेच मरतात. या पेशी इंटरल्युकिन-1 बीटासारखी दाह पेटवणारी रसायनं सोडतात. याच साखळीतून यकृत सीआरपी बनवू लागतं. थरावरचं पातळ आवरणही याच पेशींची विकरं पोखरतात. ते फाटलं की गुठळी होते. त्यामुळे निम्म्याहून कमी अरुंद झालेल्या धमनीतही अटॅक येऊ शकतो. ‘स्ट्रेस टेस्ट तर नॉर्मल होती’ म्हणत हतबल बसलेल्या कुटुंबाला हे कुणीतरी शांतपणे समजावायला हवं.

अमेरिकेत रसेल रॉस यांनी 1999 मध्ये या आजाराला स्पष्टपणे दाहजन्य म्हटलं. पुरावा आला तो 2017 मध्ये, पॉल रिडकर यांच्या कॅन्टोस चाचणीत. अटॅक येऊन गेलेल्या 10,000 हून अधिक रुग्णांत कॅनाकिनुमॅब या इंजेक्शनने कोलेस्टेरॉल न घटवता फक्त दाह कमी केला. 150 मिलिग्रॅमच्या मात्रेने अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू मिळून सुमारे 15 टक्क्यांनी घटले. पण जीवघेणे जंतुसंसर्गही वाढले.

मग नजर वळली गाऊटवरच्या (सांध्यांच्या एका दुखण्यावरच्या) जुन्या, स्वस्त कोलचिसिन या औषधाकडे. साताऱ्याच्या घाटमाथ्यावर पावसाळ्यात लाल-पिवळी फुलणाऱ्या कळलावीत हेच द्रव्य असतं, आणि म्हणूनच तिचा कंद जीव घेतो. तो कुणीही औषध म्हणून खाऊ नये. सांगलीच्या हळदीचंही नाव इथे हमखास निघतं, पण हळदीने अटॅक टळतात हे दाखवणारी अशी मोठी चाचणी झालेली नाही. कोलचिसिनची रोज 0.5 मिलिग्रॅम मात्रा 2019 आणि 2020 च्या चाचण्यांत उपयोगी ठरली, अमेरिकेत 2023 मध्ये तिला मान्यताही मिळाली. 2024 च्या मोठ्या चाचणीत मात्र अटॅकनंतर लगेच सुरू केलेल्या गोळीचा फायदा दिसला नाही. ती कुणाला, केव्हा द्यायची हे अजून ठरतंय. किडनी अधू असेल तर ती घातक ठरू शकते, आणि कोलेस्टेरॉल कमी करणारं स्टॅटिन तर तिच्यासोबतही चालूच ठेवावं लागतं.