इंग्रजी नामानंतरचे शब्दयोगी अव्यय

इंग्रजीत नामाचा पुढील शब्दाशी संबंध दाखवणारे प्रिपोझिशन, म्हणजेच शब्दयोगी अव्यय, कोणते असावे हे पुष्कळदा ते नामच ठरवते. ‘डिमांड’नंतर ‘फॉर’, ‘इंटरेस्ट’नंतर ‘इन’ आणि ‘डॅमेज’नंतर ‘टू’ येते. अव्ययाचा मूळ अर्थ माहीत असूनही ही निवड आधी ओळखता येत नाही.

क्रियापदाला कर्म थेट घेता येते, नामाला येत नाही, हे या रचनेमागचे एक कारण आहे. ‘डिस्कस’ आणि ‘रिक्वेस्ट’ या क्रियापदांपुढे कर्म लगेच येते. तेच नामरूपात मांडताना ‘अ डिस्कशन ऑफ द बजेट’, ‘अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह’ असे म्हणावे लागते. भारतात सर्रास ऐकू येणारे ‘डिस्कस अबाउट’ हे नामाची सवय क्रियापदाला लागल्याचे उदाहरण मानता येईल. विशेषणाचाही भरवसा नाही, कारण ‘प्राउड ऑफ’ असले तरी ‘प्राइड इन’, आणि ‘फॉन्ड ऑफ’ असले तरी ‘फॉन्डनेस फॉर’ असेच लिहितात.

मराठी भाषकाची खरी अडचण षष्ठी विभक्तीतून येते. प्रश्नाचे उत्तर, गाडीचे नुकसान, पाण्याची मागणी, उशिराचे कारण हे सारे संबंध मराठीत ‘चा-ची-चे’ या एकाच प्रत्ययावर निभावतात आणि त्यामुळे इंग्रजीत सगळीकडे ‘ऑफ’ घालण्याचा मोह होतो. प्रत्यक्षात ‘आन्सर’ला ‘टू’ आणि ‘रीझन’ला ‘फॉर’ लागते, तर कारण याच अर्थाच्या ‘कॉज’ला मात्र बहुधा ‘ऑफ’च चालते. ‘वर’ची गोष्ट अधिक फसवी आहे. बंदी, हल्ला आणि परिणाम या अर्थांच्या ‘बॅन’, ‘अटॅक’, ‘इफेक्ट’ या नामांपुढे ‘वर’च्या जागी ‘ऑन’ अचूक बसते, म्हणून ‘समस्येवर उपाय’ लिहितानाही हात ‘सोल्यूशन ऑन’कडे वळतो. तेथे ‘सोल्यूशन टू’ हवे, आणि ‘रेमेडी’ असेल तर ‘फॉर’.

एकच नाम अर्थानुसार दोन अव्यये घेते, कधी एकाच वाक्यात: ‘अ‍ॅन इन्क्रीज ऑफ टेन पर्सेंट इन प्राइसेस’ यात ‘ऑफ’ वाढीचे प्रमाण सांगते आणि ‘इन’ वाढ कशात झाली ते. ‘सर्च फॉर’ हे नेहमीचे रूप असले, तरी आधी ‘इन’ आले की ते ‘इन सर्च ऑफ’ असे बदलते.

अशा जोड्या पाठ करण्यापेक्षा नाम शिकतानाच त्याचे अव्यय टिपून ठेवणे सोयीचे ठरते. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बीबीआय’ या शब्दसंयोग-कोशात, म्हणजे कोणता शब्द कोणत्या शब्दासोबत येतो ते सांगणाऱ्या इंग्रजी कोशात, नाम आणि अव्यय यांची जोडी हा व्याकरणिक संयोगांचा पहिला प्रकार मानला आहे. इंग्रजीतील बहुसंख्य नामांपुढे ‘ऑफ’ येऊ शकते, म्हणून त्या जोड्या कोशकारांनी बहुतेक वगळल्या आहेत.